गच्चीवरचा हिरवा दिवा

वच्छलाबाई पलंगावर बसल्या नाहीत. चादर इतकी ताणून घातली होती की तिच्यावर बसणं म्हणजे काहीतरी मोडणं. पडद्याजवळच्या खुर्चीत त्या शाल गुंडाळून बसल्या. बाहेर नागपूरचा मे महिना होता आणि पाचव्या माळ्यावरच्या या खोलीत अंगावर काटा येत होता. एवढा गारवा एका माणसासाठी, त्यांच्या मनात आलं.

खोली फुकट होती. मुलाने, जयवंतने, मुंबईहून तसं लिहिलं होतं. कंपनीच्या कामासाठी तो गावोगाव हिंडे, हॉटेलात उतरे. मुक्काम होतील तसे पॉइंट मिळतात, पुरेसे साठले की हॉटेलवाले एक रात्र फुकट देतात, ती घरच्या माणसालाही चालते. 'एसीत एक दिवस नीट झोप, आई.' पत्र तिथेच संपलं होतं. स्वतः येण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

शेजारच्या कांताबाई हसल्या होत्या. "पोरगं घरी येत नाही, अन् मायलेच हॉटेलात धाडते! एकटी काय करशील वं तिथं?"

"इथं काय करते? तेच," वच्छलाबाई म्हणाल्या होत्या.

गोपाळराव गेले तेव्हा जयवंत उशिरा पोहोचला. सगळं आटोपलं होतं. तो दारात उभा राहिला आणि वच्छलाबाई चार माणसांदेखत बोलून गेल्या, "आता काहून आला? ज्याले पाहाचं होतं, तो गेला." जयवंत तेरावा होईपर्यंत राहिला आणि गेला. त्यानंतर मनीऑर्डरी आल्या, पत्रं आली. तो आला नाही. 'ये' असं लिहायला त्या कितीदा बसल्या. दरवेळी दारातलं ते वाक्य आडवं आलं.

पत्राऐवजी त्या दिवा लावत. गोपाळराव रेल्वेत सिग्नलचे फिटर होते. मोडीत निघालेल्या सिग्नलची हिरवी काच त्यांनी घरी आणली होती आणि नागपुरातल्याच सक्करदऱ्याच्या घराच्या गच्चीवर तिच्यामागे बल्ब बसवला होता. काच म्हणजे जाड भिंगच. बल्ब लहान, पण उजेड न पसरता एकाच दिशेने दूरवर जाई. तिचं तोंड पश्चिमेला होतं, कारण जयवंत कॉलेजातून त्या बाजूने घरी येई.

"हिरवा म्हणजे लाइन मोकळी, ये," गोपाळराव त्याला सांगत. "अन् दिवाच दिसला नाही, तर तो धोका समजायचा. गाडी थांबवायची, उतरायचं, काय झालं ते पाहाचं."

दिवेलागणीला तो दिवा लावायला वच्छलाबाई कधी चुकल्या नव्हत्या. गोपाळराव गेले त्या संध्याकाळीही नाही. आज पहिल्यांदाच ते काम, घराच्या किल्लीसकट, कांताबाईंकडे होतं. दिवेलागण होऊन गेली होती आणि त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दारावर टकटक झाली. केस पिकलेला एक वेटर चहा घेऊन आला. कोटावर नावाची पट्टी होती, ताराचंद.

"तुमी जयवंतसाहेबांच्या माय ना? नाक सांगते."

"तुले कसा माहीत तो?"

"घ्या! आपले जुने गिऱ्हाईक आहेत. खाणीतल्या पंपांचं काम असते ना त्यायचं. महिन्या-दोन महिन्यांत चक्कर असतेच. अन् हीच खोली पाहिजे."

"इथं? नागपुरात?"

बाई थट्टा करतात असं ताराचंदला वाटलं. "मंग काय मुंबईत? हे पॉइंट इथलेच, माय. दुसऱ्या हॉटेलचे इथं चालत नाही. इथंच राहून राहून जमवले त्यायनं."

वच्छलाबाईंनी उचललेला कप परत बशीत ठेवला. जयवंतसाठी आपण ताज्या चादरी घालून ठेवलेला घरातला पलंग त्यांना दिसला.

"हीच खोली काहून?" त्यांनी विचारलं.

ताराचंदने पडदा सरकवला आणि खोलीतला दिवा मालवला. "या खिडकीपायी. साहेब असेच अंधार करून उभे राहतात. एक डाव मी विचारलं. तर म्हणे, ट्यूबलाइटांच्या पांढऱ्या गर्दीत तो एक हिरवा ठिपका दिसते ना, ते माह्यं घर. मी म्हटलं, अजी, मंग जा ना घरी! इथं काहून पैसे घालता कंपनीचे?"

"काय म्हणाला?"

"हसले. म्हणे, दिवा जळून राहिला, म्हणजे तिचं सारं बरं आहे."

वच्छलाबाई खिडकीशी गेल्या. कांताबाई विसरल्या नव्हत्या. सक्करदऱ्याच्या तळ्याच्या काळ्या चकतीपलीकडे हिरवा ठिपका न हलता जळत होता. 'ये' म्हणून लावलेला तो दिवा पाहून मुलगा इतके दिवस निश्चिंत परत जात होता.

"आता कधी येणार तो?"

"येत्या सोमवारची खोली सांगून ठेवली आहे. तुमी विचारत होत्या म्हणून सांगू त्यायले?"

"नको," वच्छलाबाई म्हणाल्या. "काही सांगू नको."

सोमवारी त्यांनी दुपारीच जयवंतच्या आवडीच्या पाटोड्या केल्या. मग उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या. गल्लीतल्या ट्यूबलाइटा एकेक करून लागल्या. भिंतीपलीकडून कांताबाईंची हाक आली, "अवं वच्छला, दिवेलागण झाली, अन् गच्चीवर अंधार काहून? बल्ब गेला का?"

"बल्ब चांगला आहे," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी पुढचं दार सताड उघडलं.