व्हर्नेलच्या अंगात आलं

किंकाळी आपल्याच तोंडून निघाली, हे व्हर्नेलला जरा उशिरानेच कळलं. ती चर्चच्या लाल गालिच्यावर गुडघ्यांवर कोसळली होती आणि अख्खी मंडळी उभी राहून टाळ्या पिटत होती.

"आलं! व्हर्नेलच्या अंगात आलं!" मागून कुणीतरी ओरडलं. ऑर्गनवाल्या क्लेव्हनला तेवढंच पुरे होतं. त्याने सूर असा चढवला की खिडक्यांची तावदानं थरथरली.

डेट्रॉइटच्या पूर्वेकडच्या या चर्चमध्ये पवित्र आत्मा अंगात येणं ही दर रविवारची गोष्ट. कुणी नाचतं, कुणी धाडकन पडतं. त्यांना सांभाळायला पांढऱ्या गणवेशातल्या सेविका असतात, आणि त्यांत सगळ्यांत जुनी व्हर्नेल. पडणारीला अलगद झेलायचं, गुडघ्यांवर चादर टाकायची, पंख्याने वारा घालायचा. वर्षानुवर्षं तिने सगळ्यांना झेललं, स्वतः कधी डगमगली नाही. "व्हर्नेल म्हणजे पोलाद," लोक म्हणायचे. मेलं ते कौतुक! त्यापायी तिला साधं रडताही येईना.

गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून ती सकाळी कचेऱ्या झाडायची आणि दुपारनंतर वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना अंघोळी घालायची. तरी घरमालकाने दारावर घर सोडायची नोटीस डकवलीच. झोप उडाली. भर दुपारी छाती धडधडायची. धर्मादाय दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, मीठ कमी करा. पास्टर म्हणाले, "असलं दुखणं तोंडाने बोलू नये. बोललीस की ते तुझं झालं." अलाबामातल्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "आपली आजी कापूस वेचून नऊ पोरं वाढवून गेली. तिला कधी झालं होतं का गं हे डिप्रेशन?" त्यावर दोघी हसल्याही होत्या.

आज सकाळी मात्र तिला स्वतःचीच भीती वाटली. घरात एकटी राहिले तर मी जिवाचं काहीतरी करून बसेन, अशी सरळसरळ भीती. कुणाला तरी सांगायचंच, असं ठरवून ती निघाली. दारातच कुणीतरी विचारलं, "कशी आहेस, ताई?" आणि तोंडून सवयीने गेलं, "प्रभूची कृपा!" आत सेविकांनी तेच विचारलं, तिने तेच सांगितलं. मग प्रार्थना सुरू झाली, आणि पोटात दाबलेलं सगळं एकदम वर आलं.

"मला वाचवा!" ती आता ओरडत होती. "माझ्याच्याने नाही होत! मला वाचवा!"

"वाचवलंय! प्रभूने वाचवलंय!" मंडळी गरजली.

तिने शेजारच्या सेविकेचं, जोनेटाचं, मनगट घट्ट धरलं. जोनेटाचे डोळे आनंदाने भरून आले होते. "किती वर्षं वाट बघितली गं याची! मोकळी हो," असं म्हणत तिने व्हर्नेलच्या गुडघ्यांवर चादर टाकली आणि जोरजोरात वारा घालायला लागली. व्हर्नेल जितकी ओरडे, तितका ऑर्गन चढे. शेवटी ती गप्प झाली. सांगून झालं होतं, आणि कुणाला ऐकू गेलं नव्हतं. आता घरीच जावं, असं तिच्या मनाने घेतलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून मदर टिलरी उठल्या. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईला इथे मानाने 'मदर' म्हणतात. म्हातारीचं वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर ही एवढी जांभळी टोपी. यांच्याइतकं साऱ्या चर्चमध्ये कुणाच्या अंगात येत नसे. नवरा गेला, राहतं घर गेलं, तरी त्या दर रविवारी किंचाळून पडायच्या आणि व्हर्नेल त्यांना झेलायची. आता या पण नाचणार म्हणून टाळ्यांना आणखी जोर आला. मदर टिलरी तडक ऑर्गनपाशी गेल्या आणि त्यांनी क्लेव्हनचे दोन्ही हात धरून पट्ट्यांवरून उचलले.

"मदर, आत्म्याला अडवू नये," पास्टर हळूच म्हणाले.

"तुम्ही बसा बघू, पास्टर."

टाळ्या विरल्या. म्हातारी कण्हत-कुथत गालिच्यावर बसली. चादर बाजूला सारून तिने व्हर्नेलचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी वाकली.

"आज घरी जायचं नाही, माझ्याकडे यायचंस. उद्या दवाखान्यात मी येते सोबत. मलाही तिथे मीठ कमी करा म्हणाले होते, बघू आता कोण मिठाच्या गोष्टी करतो ते. आता बोल." तिने व्हर्नेलच्या केसांवरून हात फिरवला. "माझ्या तरी अंगात कधी काय आलं होतं गं, पोरी?"