माहेरची गोष्ट

अर्धांगाच्या झटक्यानंतर आजोबा कुणालाच ओळखत नव्हते. आज त्यांना ऑक्सिजनच्या काचेच्या पेटीत झोपवलं होतं. आत दाब वाढायला लागला, तसा त्यांचा चेहरा पिळवटला.

"कानांना दडे बसलेत. जांभई दिली तर मोकळे होतील," पेटी चालवणारी मुलगी म्हणाली, "पण त्यांना सांगितलेलं कळत नाही ना."

"तो माईक दे इकडे," आजी म्हणाली. "मी माहेरचं काही सांगायला लागले, की ह्यांना जांभया सुटतात."

धाकट्या भावाने घर कसं बांधलं, ते ती रंगवून सांगू लागली. पाया खणून व्हायच्या आतच आजोबांनी भलीमोठी जांभई दिली.

"झालं काम," मुलगी हसली.

तेवढ्यात काचेआडून आजीकडे बघत त्यांनी आणखी एक दिली.

"ही खोटी आहे," आजी काचेवर हात टेकवत म्हणाली. "मला चिडवतायत."