दुपारचा वर्ग

"आण ते पाकीट इकडं," विमलाबाई म्हणाली.

सृष्टीनं बॅग पोटाशी धरली. हॉस्टेलवरून काल आल्यापासून ती धड जेवली नव्हती की धड झोपली नव्हती. डोळे तेवढे टकटकीत. मघाशी चहा घेताना कपाखाली बशी वाजत होती, म्हणून तर विमलाबाईनं बॅग उघडून पाहिली होती.

"अभ्यासाच्या गोळ्या आहेत, आई. झोप येत नाही, लक्ष लागतं. मेडिकलला सगळेच घेतात."

"सगळ्यांच्या आया बसल्यात सगळ्यांना बघायला. मला एकच लेक हाय."

"मग नापास होऊ? अ‍ॅनाटॉमीच्या चाचणीत उडालेच आहे. आता मोठ्या परीक्षेत उडाले तर वर्ष गेलं. दुपारी कॉलेजातून आले, मोबाइलवर सरांचं लेक्चर लावलं की डोळा लागतो. सर बोलत राहतात, मी घोरत राहते."

"मग मला फोन लावत जा. समोर माणूस असलं की झोप येत नाय. सर काय सांगतो ते तू मला सांग."

दारात सृष्टीबरोबर आलेली तिची रूममेट पूजा उभी होती. गोळ्या तिच्याकडूनच यायच्या, हे तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं.

"आणि तू गं? पुन्हा माझ्या पोरीला एक गोळी जरी दिलीस, तर तुझ्या आईला फोन करीन."

"नाही देणार, मावशी."

सृष्टीनं पाकीट दिलं आणि रडली. विमलाबाईनं तिला जवळ घेतलं. "गंगेत सोडते बघ," ती म्हणाली. संध्याकाळी ती गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर गेली, पाण्याकडं बघत बराच वेळ बसली आणि दिवेलागणीला परत आली.

असा दुपारचा वर्ग सुरू झाला.

विमलाबाईचं पंचवटीत भाजीचं दुकान. दुकान म्हणजे गोणपाट, चार क्रेट आणि वर ताडपत्री. पहाटे लिलावातून माल आणायचा, दुपारपर्यंत विकायचा आणि मग त्याच क्रेटला टेकून पेंगायचं, हा वीस वर्षांचा नेम. आता तिनं फोन टोमॅटोच्या क्रेटला टेकवून उभा केला आणि समोर बसली.

पहिल्या दिवशी फजिती झाली. सृष्टी कवटीची हाडं सांगत होती. सांगता सांगता तिची मान कलली आणि ते बघता बघता आईचीही कलली. शेजारच्या मेथीवाल्या कुसाबाईनं हाळी दिली, "अगं उठा! फोनमधी बी झोपलंय, फोनभाईर बी!"

दुसऱ्या दिवसापासून मात्र विमलाबाईची पेंग पळाली. आईचं काळीज म्हणतात ते हेच, असं कुसाबाईला वाटलं.

"हात वर धर, आई. मानेतून नसांची पाच मुळं निघतात. त्यांचे तीन बुंधे. मग दोऱ्या, मग फांद्या, पार बोटांपर्यंत."

"म्हंजे घेवड्याचा वेलच की."

"हो, तसंच. आणि ही एक नस डोक्यातून निघते ती भटकत भटकत पोटात जाते."

"तुझ्या भिकनमामासारखी. तोबी घरी थांबत नाय."

फोनमध्ये सृष्टी हसायची. हसली की जागी राहायची. कधी ती सरांचं लेक्चर दुप्पट वेगानं लावायची, तेव्हा विमलाबाई म्हणायची, "ह्याच्या मागं काय कुत्रं लागलंय का?"

दुपारी बाजार ओसरायचा. ताडपत्रीतून निळा उजेड गळायचा आणि त्या उजेडात विमलाबाईला सगळं नवं दिसायचं. अळूच्या पानावरच्या शिरा हलताहेत असं वाटायचं. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांची कातडी पातळ व्हायची. आत वेल चढलेले, लाल-निळे, प्रत्येकाच्या छातीत एक पाखरू फडफडतंय. तिच्याही छातीत फडफडायचं. देवळातली घंटा वाजली की तिचा सूर दाताच्या मुळापर्यंत जायचा. एवढं सुंदर आपल्या पंचवटीत आधीपासून होतं, आणि आपण झोपून घालवलं!

भाकरी तशीच राहायची. ती कुसाबाईला द्यायची, रिकामे क्रेट पुन्हा पुन्हा धुवायची, जुड्या सोडून पुन्हा बांधायची.

"परीक्षा लेकीची अन् वाळतीस तू," कुसाबाई म्हणाली. "रातीबी झोपत नाय म्हणं?"

"पोरीचा घोर लागलाय. ती पास होऊ दे, मग झोपते."

सृष्टी मात्र भरत चालली. रात्री गाढ झोपायची, सकाळी पोहे खायची. हातांची थरथर थांबली. पूजाही वळणावर आली असावी. दर आठवड्याला पंचवटीत मामाकडं यायची, जाताना सृष्टीसाठी ठेचा-भाकरीचा डबा न्यायची. विमलाबाईनं तिला माफ करून टाकलं होतं.

निकाल लागला. सृष्टी अ‍ॅनाटॉमीत पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी. पूजाला घेऊन ती घरी आली, आईच्या गळ्यात पडली.

"त्या गोळ्यांची आठवणसुद्धा येत नाही, आई. तू बसलीस म्हणून."

विमलाबाईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. पोरी पोटभर जेवल्या. जेवता जेवताच सृष्टीचे डोळे मिटायला लागले. ती आतल्या खोलीत आडवी झाली आणि लहानपणासारखी तोंड उघडं टाकून झोपली. विमलाबाई दारातून तिच्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

पूजा जायला निघाली. विमलाबाई तिच्यामागं ओट्यावर आली आणि दार हळूच ओढून घेतलं.

"पूजा, हिला कधी देऊ नकोस हां. कितीही मागितल्या तरी."

"नाही, मावशी. शप्पथ."

"शहाणी पोर." विमलाबाईनं तिचं मनगट धरलं होतं, ते सोडलं नाही.  तिनं एकदा मागं, बंद दाराकडं पाहिलं.

"माझ्या परवाच संपल्या गं."