लंडन अकरा, ग्लासगो अठ्ठ्याऐंशी

“अकरा टक्के!” विनय ओरडला. “अर्चना, ऐकलंस का? लंडनला आपल्या पोरीला अकरा टक्के चान्स!”

अर्चनाने पोळी तव्यावर टाकली. वळूनही पाहिलं नाही. “परत टाकून बघ. काहीतरी चुकलं असेल.”

विनयने परत टाकून बघितलं. शाळेने दिलेले अपेक्षित ग्रेड, विषय कम्प्युटर सायन्स, पोस्टकोड घरचा, लंडनमधल्या हॅरोचा. पुन्हा अकरा. मग त्याने लंडनच्या जागी ग्लासगो टाकलं. अठ्ठ्याऐंशी.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अन्वी मान खाली घालून बसली होती. सतरा वर्षांची मुलगी इतकी गप्प बसली की घरच्यांनी ओळखावं, कुठेतरी पाणी मुरतंय. ती वेबसाइट तिनेच बनवली होती. नाताळच्या सुट्टीत, चार दिवसांत. वर छानसा निळा रंग, खाली ‘चूक आढळल्यास कळवा’ अशी चौकट. घरी ठोकून दिलं, “सिक्स्थ फॉर्ममधे सगळे हेच वापरतात.” म्हणजे इथल्या अकरावी-बारावीत. सगळे कसले! जगात ती साइट वापरणारा माणूस एकच होता, आणि तो समोर चष्मा कपाळावर चढवून बसला होता. आतलं गणित तर विचारूच नका. घरापासून युनिव्हर्सिटी जितकी लांब, तितका चान्स जास्त. बस्स.

झालं होतं असं की ऑक्टोबरात ती शाळेबरोबर ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीचा ओपन डे बघून आली होती. तिथल्या रोबॉटिक्सच्या लॅबमधे तासभर बसली आणि जीव तिथेच टाकून आली. घरी बोलायची सोय नव्हती. घरात ‘नाही’ म्हणायचं खातं बाबांकडे, आणि बाबांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं, “शीक कुठेही, पण रात्री जेवायला घरी.” म्हणजे घराजवळून जाणारी ट्यूबची मेट्रोपॉलिटन लाइन संपली की जग संपलं. अर्जात पाच नावं द्यायची. पाचही लंडनची लिहून तयार होती. “यादीत जे नाव जाईल तिथे पाठवायची आपली तयारी हवी,” असंही बाबांचंच म्हणणं. आज संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि अन्वीचं सगळं आयुष्य त्या पाचव्या रकान्यात अडकलं होतं.

“ग्लासगो?” अर्चना आता मात्र वळली. “तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. आणि हिला धड चहा करता येत नाही. शिवाय आपण तिथे बाहेरचे. ते आधी स्कॉटलंडची मुलं घेणार, उरलं तर आपल्याला.”

“त्यांच्या जागा वेगळ्या, आपल्या वेगळ्या,” विनय म्हणाला. “मी सगळं वाचलंय. आणि मी काय करू, आकडेच बोलतायत. अकरा टक्क्यांच्या नादात पोरीचं वर्ष घालवायचं का?”

विनय एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर होता. गेली वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेत होता. नवीन मायक्रोवेव्ह घरी आला तेव्हा या बाबाने त्यात आधी नव्याण्णव मिनिटं नव्याण्णव सेकंद लावून पाहिली, मगच दूध तापवलं. असा माणूस लेकीने फेकलेल्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतोय, याची अन्वीला पहिले दोन दिवस गंमत वाटली होती. आज मात्र ते बघवत नव्हतं.

“बाबा,” तिला राहवलं नाही, “तू शुअर आहेस?”

“साइट म्हणतेय ना. सिक्स्थ फॉर्ममधे सगळे वापरतात.”

पोळी करपली. अर्चनाने शेगडी बंद केली, हात पुसले, टेबलाशी येऊन स्क्रीनवरचे ते अठ्ठ्याऐंशी नीट वाकून पाहिले. मग नाक ओढत म्हणाली, “टाक एकदाचं. पण थर्मल्स मी घेणार. आणि रोज फोन करायचा.”

विनयने पाचव्या रकान्यातलं लंडन पुसलं, ग्लासगो लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.

अन्वी वर खोलीत आली आणि दार लावून रडली. हवं ते मिळालं होतं, पण बाबाला उल्लू बनवून मिळालं होतं. त्याचा तो भोळा चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना. तिने ठरवलं, साइट आत्ता उडवायची आणि खाली जाऊन सगळं कबूल करायचं. लॅपटॉप उघडला. पुसण्याआधी सहज ती ‘चूक आढळल्यास कळवा’ची चौकट उघडून बघितली. शोभेला ठेवलेली, तिने कधी उघडलीच नव्हती.

आत एक निरोप होता. तारीख चार जानेवारी. म्हणजे बाबाला साइट दाखवली त्याच्या दुसऱ्याच दिवशीची. मराठीत होता, म्हणून तिने अक्षर अक्षर लावत वाचला.

“घर हॅरो टाकलं: ग्लासगो ८८. घर ग्लासगो टाकलं: ग्लासगो ३, लंडन ८८. घर पुणे टाकलं: सगळीकडे १००. घर रिकामं ठेवलं: आपलाच पोस्टकोड येतो. अन्वी, चूक गंभीर आहे, पण अर्ज जाईपर्यंत दुरुस्त करू नकोस. जेवायला घरी हा नियम तुझ्या आईचा आहे, मी नुसता बोलून दाखवतो. आणि तिला पटवायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही.”