निम्म्यावर अडलेलं ब्लँकेट

"काकांचा हात मोडला, हे नशीबच म्हणायचं," शिंपीण म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, तुमचा नाही मोडला ना काकू, म्हणून म्हणते."

निवृत्त जेलर खुर्चीत ताठ बसले होते. मिशा नेहमीसारख्या, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. अख्ख्या नोकरीत त्यांच्या अंगाला हात लावायची एकाही कैद्याची छाती झाली नव्हती. ते काम शेवटी बाथरूममधल्या साबणाने केलं.

"ह्यांच्याकडे बघवत नाही गं," काकूंनी डोळे पुसले.

टेबलावर लोकरीची टोपली होती. आत क्रोशाचे रंगीत चौकोन, आणि वर एक अर्धवट चौकोन, सुई तशीच अडकलेली. गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला या घरातून ब्लँकेट गेलं होतं. आता काकूंच्या लेकीला बाळ होणार होतं, कुठल्याही दिवशी, आणि नेमकं घरचंच ब्लँकेट निम्म्यावर अडलं होतं. "आई, माझ्या बाळालाही मिळेल ना गं?" असं लेकीने सकाळीच फोनवर विचारलं होतं.

"माझा पोरगा आता दाढी करतो," शिंपीण म्हणाली, "पण ताप आला की तुमचंच ब्लँकेट मागतो. पाय बाहेर येतात, तरी तेच. दुकानातलं मऊमऊ आणून दिलं तर म्हणतो, याला बोटं घालायला भोकं कुठायत? कसे उपकार फेडू तुमचे?"

"माझे कसले उपकार?"

"हाच तर तुमचा मोठेपणा."

जेलर खाकरले.

"वहिनी, मग घे ना विणायला," जेलरांची बहीण म्हणाली. "दादाला काय, चार घास भरवायचे आणि टीव्ही लावून द्यायचा. एकेक चौकोन तर मांडीवर मावतो."

"ह्यांचा हात असा असताना माझ्याच्याने एक टाका पडायचा नाही, वन्सं."

शिंपिणीला भरून आलं. बहिणीला स्वतःचा संसार आठवला. तिच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन चालू असताना तिच्या नवऱ्याने बाहेर बसून अख्खी मॅच पाहिली होती.

"मी करून देऊ पुरं?" शिंपिणीने टोपलीकडे हात नेला. "तेवढंच तुमचं ऋण हलकं होईल."

"खबरदार!" जेलर गरजले. शिंपिणीचा हात जागच्या जागी थिजला. "प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणाचा टाका घट्ट, कुणाचा सैल. मग चौकोन लहानमोठे होतात, आणि जोडताना बोंब!"

"बघा, ऐकून ऐकून काकांनाही पाठ झालंय," शिंपीण हसली.

"मग काय बाळाला अर्धंच पांघरूण घालायचं?" बहिणीने विचारलं. "डोकं झाकायचं का पाय?"

काकूंनी टोपली आपल्याकडे ओढून घेतली.

दुपार झाली तशा दोघी उठल्या. दुपारी या घराचं दार वाजवायचं नाही, हा जेलरांनीच घालून दिलेला नियम होता. विणकामात व्यत्यय नको, एवढंच त्याचं कारण, आणि अख्खी गल्ली तो आदराने पाळत होती.

"देवमाणूस आहेत हो काका," शिंपीण जिना उतरताना म्हणाली. "बायकोच्या कलेची एवढी कदर कोण करतं?"

काकूंनी कडी घातली. खिडकीचा पडदा ओढला. टोपली घेऊन त्या नवऱ्याशेजारी बसल्या आणि सुई सोडवून नवा चौकोन सुरू केला. लेकीसाठी आता मन घट्ट करायलाच हवं होतं. बराच वेळ त्या विणत राहिल्या. शेवटी काकूंनी हातातलं विणकाम उजेडात धरलं. त्याला पाच कोपरे आले होते. त्यांनी सुस्कारा सोडला आणि धाग्याचं टोक ओढायला घेतलं.

"उसवू नकोस," जेलरांनी डाव्या हाताने त्यांचा हात थोपवला. "पहिला चौकोन सगळ्यांचाच वाकडा होतो. माझाही झाला होता, आपली लेक व्हायची होती तेव्हा."