तानाबाईचं इंग्रजी

"लॉस म्हणजे नुकसान, ते नाम. लूझ म्हणजे गमावणं, ते क्रियापद. आणि लूस म्हणजे सैल, ते विशेषण," गौस मास्तर म्हणाले. "आता क्रियापदाचं वाक्य कर."

तानाबाईनं पाटीवरून नजर उचलली नाही. संस्थानच्या राजधानीत, शुक्रवार पेठेतल्या त्या घराच्या सोप्यात तिचा सासरा आकाराम लगाम शिवत बसला होता. दरबारच्या पागेत घोडी सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण सुनेच्या शिकवणीला त्याची हजेरी ठरलेली.

"आय लूझ माय वे," ती म्हणाली.

"म्हंजे काय गं?" आकारामनं विचारलं.

"माझी वाट चुकते, मामंजी."

आकाराम उठला. लगाम तिथंच टाकून बाहेर गेला.

शिकवणी संपवून मास्तर निघाले तर हा गल्लीच्या तोंडाशी उभा.

"मास्तर, पिराजी गेला," तो म्हणाला.

पिराजी हा त्याचा एकुलता लेक, तानाबाईचा नवरा. महायुद्ध सुरू झालं तेव्हा पलटणीबरोबर बसऱ्याकडं गेला होता.

"सरकारी कागद आला?"

"कागद कशाला पायजे? त्याच्याच पलटणीतला शिरोळचा शिपाई पागंत येऊन सांगून गेला की."

"आणि तानाबाईला?"

"तिला सांगितलं न्हाय. तुमीबी सांगू नका. भावकीला कळलं तर वरीसभर कोपऱ्यात बसवतील तिला. मग कसली परीक्षा अन् कसलं काय. दवाखान्यात नर्स झाली, तर माझ्यामागं कुणापुढं हात पसरायला नको तिला."

"अहो, पण त्याचे दिवस?"

"नदीवर जाऊन पाणी सोडून आलो. एकलाच."

मास्तरांनी शब्द दिला आणि घरी पोचायच्या आत त्यांना त्याचा पस्तावा झाला.

इंग्रजी ही भाषा मुळातच लबाड. जुळ्या भावांसारखे दिसणारे शब्द, पण एक नाम आणि दुसरा क्रियापद. ब्रेथ म्हणजे श्वास, ब्रीद म्हणजे श्वास घेणं. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइज म्हणजे सल्ला देणं. तानाबाई आता यात सहसा चुकत नव्हती. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या कपाळाकडं बघवत नव्हतं त्यांना. ती रोज ठसठशीत कुंकू लावून समोर बसायची, आणि आपण एका विधवेला फसवतोय या विचारानं ते पाटीकडंच बघत शिकवायचे.

संक्रांतीला तर आकारामनं स्वतः कासाराला शिकवणीच्या वेळीच घरी बोलावलं.

"ऱ्हाऊ द्या की मामंजी, जुन्या बांगड्या हायत," तानाबाई म्हणाली.

"भर मुकाट्यानं. सणाचं न्हाय म्हणू नये."

तिनं हात पुढं केला. कासार बांगड्या चढवू लागला, तसा आकाराम पाठ फिरवून भिंतीवरचे घोड्यांचे पट्टे उगाच खालीवर करत राहिला. मास्तरांना वाटलं, म्हाताऱ्याला एकदा तरी मोकळं रडू द्यायला हवं होतं. आपण शब्द द्यायलाच नको होता.

तानाबाई परीक्षेत पास झाली. आकारामनं पागेत सगळ्यांना गूळ वाटला. त्याच पावसाळ्याअखेर गावात तापाची साथ आली आणि तो अंथरुणाला खिळला. तानाबाईनं रात्रंदिवस त्याची सेवा केली. मास्तर बघायला गेले तेव्हा ती पाणी आणायला आत गेली होती. आकारामनं त्यांचा हात धरला.

"आता तुमी सांगा तिला. माझ्यानं न्हाय व्हत," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी गेला.

त्याचे दिवस झाल्यावर मास्तर त्या घरी गेले. वाटेत मनाशी शब्द जुळवले होते, ते सोप्यात पाऊल टाकताच बोलून टाकले.

"तानाबाई, माझं चुकलं. तुझ्या सासऱ्यानं शब्द घेतला म्हणून गप्प बसलो. पिराजी आता या जगात नाही. लढाईतच गेला तो. आकारामनं हे दुःख एकट्यानं गिळलं. तुझं शिकणं मोडू नये म्हणून."

तानाबाई रडली नाही. 

"मामंजींना ठावं हाय, हे मला ठावं हुतं," ती म्हणाली. "तो शिपाई आदी हितंच आलता. आज सांगतील, उद्या सांगतील म्हणून मी वाट बघत ऱ्हायली. कुंकू पुसायची तयारी केलती मनाची. त्यांनी बांगड्या भरल्या, मास्तर. मग माझं त्वांडच उघडंना."

"म्हणजे तू सगळं जाणून... मग अजून हे कुंकू?"

"माझं धनी जित्तं हायत."

"मग आहे कुठं तो?" मास्तरांनी विचारलं.

"बसऱ्याहून परत आलं अन् पुण्यात छावणीजवळ दुसरं घर केलंय त्यांनी. आता येणार न्हाय, एवढाच निरोप आणलता शिपायानं. लेकानं बायकू टाकली ह्ये ऐकून म्हातारं लाजंनं मेलं असतं. लेक लढाईत पडला म्हटल्यावर चार माणसांत ताठ मानेनं रडतील तरी, म्हणून तसं सांगायला त्या शिपायाला मीच पागंत धाडलं."