सातच्या बातम्या

"बाई, प्लग लावू नका," रेडिओवाले म्हणाले. "वर्षभर निपचित पडलेल्याला असं एकदम गदागदा हलवत नाहीत."

बाईंनी वायर खाली ठेवली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. दुसऱ्याने बजावायचं आणि आपण ऐकायचं, याचा सराव त्यांना नव्हता.

रेडिओवाल्यांनी तपकिरी खोक्यावर अंगठा खसखसून घासला आणि नाकाशी नेला. फिनेलसारखा उग्र वास आला.

"अस्सल बेकेलाइट, जुन्या काळचं प्लास्टिक. बटणं मूळची, मागचा पुठ्ठाही शाबूत. कोपऱ्यात तडा आहे, पण वयोमानाने एवढं चालायचंच. शौकीन माणूस चांगली किंमत देईल."

"विकायचा नाही हो. बोलतं करायचंय."

"रेडिओला?"

"ह्यांना."

प्रकार असा होता. बाईंचे यजमान रोज सात वाजता या रेडिओवर बातम्या ऐकत. तेवढा वेळ घरात कोणी शिंकायचंही नाही. वर्षापूर्वी रेडिओ बंद पडला आणि यजमानही मिटत गेले. हाक मारली तर ओ नाही, काही विचारलं तर "बरं." परवा बाईंनी विचारलं, आज काय करू जेवायला? उत्तर आलं, "बरं." जेवणही निम्म्यावर आलं होतं. दिवसभर पेपर अक्षर न् अक्षर वाचायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचं.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"मला काय धाड भरलीय, म्हणतात."

रेडिओवाल्यांना बाईंचा चेहरा बघवेना. तरी सांगणं भाग होतं. "रेडिओ मी सुरू करीन. पण ते केंद्रच आता बंद झालंय. नुसती खरखर ऐकू येईल."

बाईंनी रेडिओची पाठ आपल्याकडे फिरवली. "ही दोन भोकं कसली?"

"ग्रामोफोन जोडायची."

"तिथं माइक जोडता येईल?"

"येईल. मध्ये आवाज वाढवणारी एक डबी बसवावी लागेल. पण बातम्या देणार कोण?"

बाईंनी घसा साफ केला.

"आवाज ओळखतील की ते!" रेडिओवाले म्हणाले.

"लग्न झाल्यापासून माझ्या आवाजाकडे त्यांचं लक्ष गेलेलं नाही. आत्ता बरा ओळखतील."

रेडिओवाल्यांनी काम हातात घेतलं. जुने कागदी कपॅसिटर काढून नवे घातले. हात लावताच तुकडे पडणारी वायर बदलली. आतल्या पत्र्यात वीज उतरून कोणाला झटका बसू नये म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवला. मग मधल्या वायरीत एक बल्ब जोडून बेताबेताने वीज सोडली. व्हॉल्व्ह तांबूस झाले, रेडिओ खाकरला आणि चक्क खरखरू लागला.

त्यानंतर तो दिवसभर चालता ठेवून पाहायचा होता. अशा वेळी रेडिओवाले स्पीकरची वायर सोडून तिथे एक जाडजूड रेझिस्टर अडकवत. रेडिओला वाटे स्पीकर आहे, शेजारच्या शिंप्याला वाटे शांतता आहे. दोघेही खूश.

रेडिओ घरी पोचवला तेव्हा बाईंनी दारातच बजावलं, "चाचणीबिचणी काही नको. गुपित फुटेल." मग स्वयंपाकघरात माइक बसला आणि त्याची वायर भिंतीच्या कडेकडेने रेडिओपर्यंत गेली. बातम्या देताना मधलं दार घट्ट लावायचं, असं रेडिओवाल्यांनी दोनदा सांगितलं. स्पीकरचा आवाज माइकपर्यंत पोचला की रेडिओ शीळ घालायला लागतो.

यजमान पेपर वाचत पाठमोरे बसले होते. रेडिओवाल्यांच्या हातातली पक्कड सुटून फरशीवर आपटली. यजमानांनी मानही वळवली नाही.

'काय ही एकाग्रता,' रेडिओवाले मनात म्हणाले. 'आपल्याला कधी जमायची?'

आठवड्याने बाई दुकानात आल्या, त्या वेगळ्याच दिसत होत्या. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारख्या.

"काल पुलाच्या बातमीवर किती वेळ बोलले! शिवाय जेवताना मागून घेतलं. मी मुद्दाम म्हटलं, एवढं काय असतं हो त्या बातम्यांत? तर म्हणाले, तुला नाही कळायचं."

"बातम्या आणता कुठून?"

"सकाळच्याच पेपरातल्या. शिळ्याच असतात, पण मी गरम करून वाढते." बाई हसल्या. "हवामान मात्र माझ्या मनाचं सांगते. परवा आभाळ भरून आलं म्हणून पाऊस सांगितला, तर छत्री काढून ठेवली ह्यांनी."

त्या गेल्यावर रेडिओवाले खुशीत शीळ घालत दुसऱ्या एका रेडिओकडे वळले. त्याला दिवसभर चालवायचं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा होता. टेबलाखाली पाहिलं, खोक्यात पाहिलं. मग त्यांची शीळ थांबली. रेझिस्टर कुठे असणार, ते त्यांना कळलं होतं.

पण मग बाई इतका वेळ सांगत काय होत्या?

दुकानाला कुलूप घालून ते बाईंच्या घरी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या बंद दारामागून बाईंचा पुसट आवाज येत होता. धरणातल्या पाण्याविषयी काहीतरी चाललं होतं. खोलीत यजमान रेडिओसमोर बसले होते. त्याच्या उबदार पाठीवर त्यांचा तळहात होता आणि मान मधून मधून हलत होती. डायलचा दिवा पिवळाधमक पेटला होता.

रेडिओतून मात्र हूं की चूं नव्हतं.

रेडिओवाल्यांनी मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून डोकावून पाहिलं. स्पीकरची वायर मोकळी लोंबत होती. रेझिस्टर आपल्या जागी इमानेइतबारे तापला होता.

"काका," त्यांनी हाक मारली.

मग जरा मोठ्याने, "काका!"

यजमानांची मान तशीच संथ डोलत राहिली.

इतक्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. बाई चष्मा पुसत बाहेर आल्या आणि रेडिओवाल्यांना पाहून थबकल्या. यजमानांनी हसून बायकोकडे पाहिलं आणि तिच्या ओठांवर नजर ठेवली.

"झाल्या का बातम्या?" बाईंनी साळसूदपणे विचारलं.

"झाल्या," यजमान म्हणाले. "काय गोड वाचते गं ही बाई. आवाज तर असा, की शेजारच्या खोलीतच बसलीय."